उजव्या बाजूचा टाळ

पंखा बंद करून दहा मिनिटं झाली होती आणि श्रीरंजनीच्या मानेवरचा घाम पाठीत उतरला होता. तिने तो पुसला नाही. पुसायला हात हलवला की पदराची सळसळ होते, आणि सळसळ झाली की तोवर ऐकलेलं सगळं वाया. मे महिन्यातल्या रविवारी सकाळी, चेन्नईच्या तिरुवल्लिकेणीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडक्या लावून, फ्रिजचं बटणसुद्धा बंद करून ही सत्तावन्न वर्षांची बाई चटईवर मांडी घालून बसली होती. तिच्या कानांत इअरफोन होते. तसे इअरफोन हल्ली बसमध्ये, देवळाच्या रांगेत, मासळीबाजारात कुणाच्याही कानात दिसतात. पण ते लोक गाणी ऐकतात. श्रीरंजनी इअरफोन ऐकत होती.

समोरच्या मॅन्शनमध्ये, म्हणजे भाड्याच्या खोल्यांच्या चाळीत, राहणाऱ्या एकट्या बाप्यांचं मत होतं की ही बाई ध्यान करते. कुणी म्हणे, तिचं वीजमंडळाशी भांडण आहे. खरं काय ते त्यांना सांगायला ती कधी गेली नाही आणि कुणी विचारायलाही आलं नाही.

इंटरनेटवर इअरफोनवेड्या लोकांचा एक कट्टा आहे. तिथे जो तो नवे नवे इअरफोन घेतो, जुन्यांशी ताडून पाहतो आणि कुठला गोड, कुठला कर्कश यावर हमरीतुमरीवर येतो. त्या कट्ट्यावर नऊ वर्षं ‘जी. एस.’ या नावाने श्रीरंजनी इंग्रजीत लिहीत होती. जॉर्ज टाउनमधल्या क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत चौतीस वर्षं बंदराचे कागद तपासून ती निवृत्त झाली होती, त्यामुळे तिचं लिहिणंही त्याच थाटाचं. ‘विषय: अमुक इअरफोन. आपल्या पार्सलच्या अनुषंगाने कळविण्यात येते की खालचे सूर समाधानकारक असून वरच्या सुरांबाबत हरकत आहे.’ पोरं त्या भाषेवर फिदा होती. जी. एस. सरांनी बरं म्हटलं म्हणजे बरं, आणि हरकत घेतली म्हणजे संपलं. त्यांनी तिला परस्पर सर करून टाकलं होतं. पहिल्या वर्षी तिने ते दुरुस्त केलं नाही आणि पुढे दुरुस्त करायची वेळ निघून गेली.

ऐकायचं काय, हेही ठरलेलं होतं. बाकीचे परीक्षक वीस-वीस गाणी लावतात. तिच्याकडे एकच होतं: १९७९ साली तंजावरच्या घरी, ओसरीवर झालेली तिच्या वडिलांची, गुरुमूर्ती भागवतरांची कथा, म्हणजे कीर्तन. सिंगापूरहून आलेल्या एका नातेवाइकाने आपला कोरा टेपरेकॉर्डर समोर ठेवून ती भरली होती; पुढे श्रीरंजनीने ती टेपवरून फोनमध्ये उतरवून घेतली. यंत्राला दोन टोकांना दोन माइक होते, म्हणून जो जिथे बसला होता तो आजही तिथेच ऐकू येतो. मधोमध अप्पा, हातात चिपळ्या. डावीकडे मृदंगावर राममूर्ती मामा. उजवीकडे टाळ घेऊन बसलेली बारा वर्षांची श्रीरंजनी.

बाहेर देवळांत अप्पा तमिळमध्ये निरूपण करत, मधेमधे अभंग म्हणत. ही कथा घरची होती, म्हणून सगळी मराठीत. तीनशे वर्षांपूर्वी तंजावरला आलेल्या लोकांची मराठी, अर्धी जुनी, अर्धी तमिळच्या चालीवर झुलणारी. एका ठिकाणी पोरीची लय पळते आणि अप्पा अभंग न थांबवता पुटपुटतात, “सावकाश, रंजी, सावकाश.” स्वस्तातल्या इअरफोनमध्ये हे ऐकूच येत नाही. बऱ्यापैकी इअरफोनमध्ये कुणीतरी काही बोललं एवढं कळतं. चांगल्यामध्ये अप्पांच्या तोंडात त्या वेळी पान होतं हेही कळतं.

अप्पांना जाऊन तेरा वर्षं झाली होती. भाऊ रघु बंगळूरला. तो महिन्यातून एकदा फोन करायचा आणि ती मराठीत विचारायची त्याची उत्तरं इंग्रजीत द्यायचा. म्हणजे तिच्याशी मराठीत बोलणारा माणूस आता एकच उरला होता, आणि तो फोनमध्ये होता. नवा इअरफोन आला की तो माणूस थोडा जवळ सरकतो का, एवढंच ती बघत होती. कट्ट्यावरच्या लोकांना ती हे कसं सांगणार?

दारावर थाप पडली. श्रीरंजनीने चरफडत इअरफोन काढले.

दारात पस्तिशीचा एक माणूस उभा होता. काखेत हेल्मेट, हातात चपट्या डब्यासारखं काहीतरी, शर्ट पाठीला चिकटलेला.

“जी. एस. सर आहेत का?” त्याने तमिळमध्ये विचारलं.

“काय काम आहे?”

“मी विश्वेश. एन्नोरहून आलो. माझा इअरफोन तपासायला मी त्यांना याच पत्त्यावर पाठवला होता.”

विश्वेश हे नाव तिला चांगलं ठाऊक होतं. हा शहराच्या उत्तरेला, एन्नोर बंदराजवळ, घरच्या घरी हाताने इअरफोन जोडत असे. तीन आठवड्यांपूर्वी तिने त्याच्या मालाबद्दल लिहिलं होतं: ‘उजवी बाजू डावीपेक्षा मंद. हातजोडणीत काळजी घेतलेली दिसत नाही. शिफारस करता येत नाही.’

“मीच जी. एस.,” ती म्हणाली.

त्याची नजर दारावरच्या जुन्या पितळी पाटीवर गेली. ‘गुरुमूर्ती राव, भागवतर.’ तमिळ मुलखात ‘राव’ लावणारे बहुधा तंजावरकडचे मराठी.

“अय्यो,” तो म्हणाला. आणि मग, अडखळत, दुसऱ्याच भाषेत: “मामी, तुम्ही मराठी?”

श्रीरंजनीने दार सताड उघडलं.

तो कुंभकोणमकडचा निघाला. म्हणजे आजोबा तिकडचे. त्याचा जन्म एन्नोरचाच, वडील वीजकेंद्रात होते. “माझी मराठी बरी नाही,” तो म्हणाला, “आजी गेली तेव्हांपासून कोणाशीं बोललोंच नाही. बायको, रम्या, तमिळ.” श्रीरंजनीने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, काफी टाकली. तिचे हात उगाचच घाई करत होते. घरात पाहुण्यासाठी दुसरा पेला कुठे ठेवला आहे हे तिला दोन मिनिटं आठवेना.

“मी भांडायला नाही आलो, मामी,” तो काफी घेताना म्हणाला.

“मग कां आलास?”

“शिकायला. तुमचं तें लिहिलेलं वीस वेळां वाचलं. परत आलेला पीस तीनदां उघडला. उजवीकडला ड्रायव्हर, तो आवाजाचा पडदा, बदलला, वायर बदलली, जोड अस्के नवे केले. मशीनवर लावला तर डावा-उजवा एकसारखे दाखवतो. पण अस्की जणं म्हणतात, जी. एस. सरांचा कान मशीनच्या वर. मज ऐकू येत नाही तें तुम्हांस येतें. कोठें चुकतंय, तेवढं दाखवा. मी दुरुस्त करतो.”

अस्की म्हणजे सगळी. अस्की जणं, अस्के नवे. हा शब्द तिने दुसऱ्या जिवंत माणसाच्या तोंडून किती वर्षांत ऐकला नव्हता! तिला त्याच्या बोलण्यातलं पुढचं काही नीट ऐकू गेलं नाही. तिचे डोळे भरून आले होते, आणि तसं होण्याचं कारण या माणसाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याने डबा उघडला. कापसात तीन जोड्या ठेवल्या होत्या, काळ्याभोर, चिंचोक्यासारख्या गुळगुळीत. श्रीरंजनीने पुन्हा पंखा बंद केला. तिसरी जोडी संपेपर्यंत विश्वेश भिंतीला टेकून, हात गुडघ्यांवर ठेवून, परीक्षेच्या निकालाची वाट बघावी तसा बसला होता.

तिन्हींमध्ये तेच. अप्पा सुरेख. मृदंगाची थाप छातीत बसावी अशी. पण उजवीकडे टाळ नुसता टकटकत होता. काशाचा नाद, आघात झाल्यावर मागे रेंगाळणारी ती थरथर, नव्हतीच. कुणी टाळांवर ओलं फडकं टाकावं तसं.

“तेंच,” ती म्हणाली. “उजवीकडे वरचे सूर नाहीत.”

त्याने मान खाली घातली. मग हळूच विचारलं, “उलटे घालून बघितलंत कां, मामी? डावा उजव्या कानांत?”

कट्ट्यावरचं शेंबडं पोरही पहिल्यांदा हेच करतं. एक बाजू कमी वाटली की दोन्ही कानांतले अदलाबदल करून बघायचे. दोष इअरफोनबरोबर सरकला तर इअरफोनचा, नाहीतर कानाचा. श्रीरंजनीने नऊ वर्षांत हे एकदाही केलं नव्हतं.

“तें मी करत नाही.”

“कां?”

“कथेंत बसायच्या जागा ठरलेल्या असतात, पा. उलटे घातले तर राममूर्ती मामा माझ्या जागीं जातात आणि मी त्यांच्या. कथा चालू असतां बसल्या माणसास उठवतात कां कोणी? आमच्या घरीं कथेच्या मधून कोणी चालतही गेलं नाही कधी.”

दुसरा कुणी असता तर हसला असता. विश्वेश हसला नाही. त्याच्या आजीनेही असंच काहीतरी सांगितलं असतं, आणि त्या घरात ते मानलं गेलं असतं. त्याने नुसती मान हलवली.

“सेरी, मामी, बरं. मग माझा हातच चुकतो.” तो जोड्या कापसात ठेवू लागला. “रम्या म्हणते, बंदरांत परत जा. क्रेनवर अजून जागा आहे, एक तारखेपासून या म्हणतात. तुमचं लिहिणं आलं आणि ऑर्डरी थांबल्या. थांबणारच. दोन कान एकसारखे नाहीत म्हटल्यावर हातानं केलेला माल कोण घेईल? पण मज सोडायच्या आधीं एकदां तरी बरोबर करून बघायचं आहे. एक जोडी ठेवून जातो. पुढच्या रविवारीं नवी आणूं?”

“आण,” श्रीरंजनी म्हणाली. “सकाळीं ये. जेवायलाच थांब.”

तो गेल्यावर ती बराच वेळ दोन रिकामे पेले समोर ठेवून बसली. तिला आनंद झाला होता. ज्याचा धंदा तिच्या चार ओळींनी बंद पडायला आला तोच माणूस दर रविवारी येणार, मामी म्हणणार, तिच्याशी मराठीत बोलणार, याचा तिला खराखुरा आनंद झाला होता आणि त्याची तिला लाजही वाटत होती.

जेवण झालं, भांडी झाली. तरी त्याचं एक वाक्य डोक्यातून जाईना. मग माझा हातच चुकतो. चौतीस वर्षांत बंदराच्या एकाही कागदावर तिने रकाना न तपासता सही केली नव्हती. एका अक्षराच्या चुकीने मालाचा डबा बंदरात अडकून कुजू शकतो, हे ती नव्या कारकुनांना सांगत आली होती. आणि इथे एक रकाना तिने नऊ वर्षं कोरा ठेवला होता.

चार वाजता तिने पंखा बंद केला. चटईवर बसून तिने मनातल्या मनात अप्पांची आणि राममूर्ती मामांची क्षमा मागितली आणि इअरफोन उलटे घातले.

मृदंग उजवीकडे आला. व्यवस्थित, भरदार, काही कमी नाही. आणि डावीकडून टाळ असा खणखणला की ती दचकली. किती लख्ख! काशावर कासं आपटून नाद वर उठत होता, थरथरत विरत होता, आणि तो विरायच्या आत दुसरा येत होता. बारा वर्षांची ती पोर काय जीव खाऊन वाजवत होती! श्रीरंजनी हसली. अर्धं मिनिट ती नुसती खूश होती. किती दिवसांनी आपण आपल्याला ऐकलं, एवढंच तिच्या मनात आलं.

मग तिला कळलं.

तिने इअरफोन सरळ घातले. टाळ मेला. उलटे घातले, जिवंत झाला. मागच्या महिन्यात तपासलेली दुसऱ्या कंपनीची जोडी काढली, तिचंही तेच. स्वतःचे जुने, सहा वर्षांचे इअरफोन काढले, तेच. तिने कट्ट्यावरचं आपलं लिखाण उघडलं. फेब्रुवारीपासून चार परीक्षणं, आणि चारही ठिकाणी तीच ओळ: उजवी बाजू किंचित मंद. तीन कंपन्या मोठ्या होत्या, त्यांना तिच्या हरकतीने काही फरक पडला नव्हता. चौथा एन्नोरचा विश्वेश.

त्याचा हात चुकला नव्हता. तिचा उजवा कान गेला होता.

हे कुणालाही ठाऊक नव्हतं. कुणाला कधी कळलंही नसतं. विश्वेश तिच्यावर त्याच्या यंत्रापेक्षा जास्त विश्वास ठेवत होता. तो रविवारी नवी जोडी आणील, ती म्हणेल अजून थोडं कमी आहे, तो पुढच्या रविवारी पुन्हा येईल. सांगितलं तर तो कशाला येईल? आणि कट्टा? वरचे सूर ऐकू न येणाऱ्या माणसाला इअरफोनवेड्यांच्या कट्ट्यावर कोण विचारतो? नऊ वर्षांची जी. एस. एका दिवसात पुसली जाणार होती. तिच्याकडे दुसरं काय होतं?

सोमवारी तिने सांगायचं ठरवलं. मंगळवारी फोन हातात घेतला आणि ठेवला. बुधवारी ती बाजारात जाऊन रविवारसाठी पडवळ घेऊन आली. पडवळ चार दिवस टिकत नाही हे तिला माहीत होतं, तरी घेऊन आली. शुक्रवारी रघुचा फोन आला. “हाऊ आर थिंग्ज, अक्का?” त्याने विचारलं. ती म्हणाली, बरं आहे. फोन तिने डाव्या कानाला लावला होता. नेहमी तसाच लावत होती, असं तिच्या ध्यानात आलं.

रविवारी विश्वेश नऊलाच हजर झाला. रम्याने दिलेली लिंबाच्या लोणच्याची बाटली त्याने पुढे केली, तेव्हा श्रीरंजनीला त्याची बोटं दिसली. उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि तर्जनीवर पांढरे फोड होते.

“हें काय झालं?”

“सोल्डरिंगचं. आठवडाभर रोज बसलो. एकच जोडी केली, मामी, पण अशी कधी केली नव्हती. नवीन वायर, अस्के जोड भिंगाखालीं.” त्याचा चेहरा झोप न झाल्याने सुकला होता आणि तरी खुलला होता. “क्रेनवाल्यास हो म्हणून सांगितलं आहे. पण आज तुम्ही बरं म्हणालांत तर नाही म्हणून सांगेन. तुमच्या एका शब्दावर आहे.”

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. श्रीरंजनी उठली नाही. त्याने पुढे केलेली जोडी तिने हातात घेतली, कानात घातली नाही, मांडीवर ठेवली.

“विश्वेशा, तुझ्या मालांत चूक नाही.”

“अजून ऐकलं कोठें तुम्ही?”

“पहिल्यांतही नव्हती. मागच्या रविवारींही नव्हती. माझा उजवा कान गेला आहे. वरचे सूर येत नाहीत. तूं गेलास आणि मी उलटे घालून बघितले.”

त्याने आपल्या बोटांकडे पाहिलं.

“मागच्या रविवारींच कळलं तुम्हांस?”

“हो.”

“आठ दिवस झाले, मामी.”

“हो.”

“एक फोन करायचा होता. मी आठ दिवस... रम्याशीं भांडलो मी यावरून.” त्याचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर तिला बरं वाटलं असतं. “कां नाही सांगितलं?”

चौतीस वर्षं नोकरी केलेल्या बाईकडे सबबींचा काय तोटा? तिने एकही काढली नाही.

“सांगितलं असतं तर तूं आज आला नसतास,” ती म्हणाली. “ह्या घरांत मराठी बोलायला कोणी येत नाही, पा. म्हणून.”

विश्वेश उठला. तिच्या मांडीवरची जोडी त्याने उचलली, कापसात ठेवली, डब्याचं झाकण लावलं. दारात चपला घालताना तो थांबला, काहीतरी म्हणणार असं वाटलं. मराठी घरांत निघताना ‘जातो’ म्हणत नाहीत, ‘येतो’ म्हणतात. तो काहीच म्हणाला नाही. जिन्यावरून त्याची पावलं उतरत गेली आणि मग खाली गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

श्रीरंजनीने कुकर उतरवला. दोन माणसांचा भात झाला होता. तिने जेवायला घेतलं नाही. आधी ती कट्ट्यावर गेली. लिहायला तिला पाऊण तास लागला. सवयीने पहिला शब्द ‘विषय’ असाच पडला आणि तिने तो तसाच राहू दिला.

‘विषय: फेब्रुवारीपासूनची माझी चार परीक्षणे मागे घेण्याबाबत. कळविण्यात येते की वरील परीक्षणांत नोंदवलेला उजव्या बाजूचा दोष हा मालाचा नसून परीक्षकाच्या उजव्या कानाचा आहे. दोन्ही बाजू बदलून तपासण्याची साधी काळजी परीक्षकाने घेतली नव्हती. याचे कारण घरगुती आहे, ते क्षम्य नाही. एन्नोरचे श्री. विश्वेश यांचे काम मी एकूण चार जोड्यांत पाहिले. पहिल्या तिन्हींपैकी माझ्याकडे राहिलेल्या जोडीच्या दोन्ही बाजू डाव्या कानाने स्वतंत्रपणे तपासता कसलाही फरक आढळला नाही. चौथी मी ऐकली नाही, परंतु ती करताना भाजलेली बोटे पाहिली आहेत. यापुढे मी परीक्षण करणार नाही. आणखी एक दुरुस्ती: मी सर नाही. माझे नाव जी. श्रीरंजनी.’

शेवटची ओळ तिने दोनदा खोडली आणि तिसऱ्यांदा ठेवली.

संध्याकाळपर्यंत खाली साठ-सत्तर प्रतिसाद आले. काहींनी धीर दिला. काहींनी हात जोडल्याची चित्रं टाकली. एकाने विचारलं की मग गेल्या वर्षीच्या परीक्षणांचं काय, त्यांवर विसंबून मी दोन जोड्या घेतल्या, आणि त्याचं म्हणणं रास्त होतं. दोन दिवसांनी कुणीतरी नव्या चिनी इअरफोनचा विषय काढला आणि कट्टा तिकडे वळला. गुरुवारी विश्वेशचा निरोप आला. ऑर्डरी पुन्हा सुरू झाल्या होत्या, क्रेनवाल्याला त्याने नाही कळवलं होतं. इंग्रजीत तीन वाक्यं. शेवटचं: थँक यू, मॅडम.

मामी नव्हे, मॅडम. श्रीरंजनीने तो निरोप वाचला, वाईट वाटून घेतलं आणि मग हे तरी त्याने का लिहावं असं स्वतःला सुनावलं. लोणचं बरणीत काढून बाटली तिने धुऊन, पुसून ठेवली होती. परत कशी पाठवायची, ते तिला सुचत नव्हतं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात ती बसने मायलापूरला एका कानाच्या दवाखान्यात गेली. सोबत कुणी आहे का, असं खिडकीवरच्या बाईने विचारलं. नाही म्हटल्यावर तिने अर्जातल्या त्या जागी रेघ मारली.

तपासणीच्या खोलीत कपाटाएवढी एक पेटी होती, आतून जाड फोम लावलेली, एका बाजूला काच. संयुक्ता नावाच्या तरुण मुलीने तिला आत बसवलं, डोक्यावर मोठे हेडफोन चढवले, उजव्या हातात बटण दिलं.

“सोपं आहे हां, आंटी,” ती म्हणाली. “आवाज येईल. अगदी बारीक आला तरी बटण दाबायचं. आला नाही तर दाबायचं नाही. आधी डावा कान.”

दार लागलं. पंखा नाही, फ्रिज नाही, रस्ता नाही. अशी शांतता श्रीरंजनीला नऊ वर्षं हवी होती. डावा कान चटकन झाला. तिचा अंगठा बरोबर पडत होता, आणि काचेपलीकडे संयुक्ता मान हलवून शाबासकी देत होती.

“आता उजवा,” हेडफोनमधून आवाज आला.

खालचे सूर आले. तिने दाबलं. मधले आले. दाबलं. मग काही आलं नाही.

बराच वेळ काही आलं नाही. पण काचेतून तिला दिसत होतं: संयुक्ता खाली बघून उजव्या हाताने काहीतरी फिरवायची, डाव्या हाताने कळ दाबायची आणि मग नजर वर करून वाट बघायची. चौतीस वर्षं समोरच्याच्या हातांवर नजर ठेवून काम केलेल्या श्रीरंजनीला दोनच वेळांत कळून चुकलं की कळ कधी दाबली जाते. डावा हात हलला की आवाज पाठवलेला असतो. आपण त्या क्षणी अंगठा टेकवला की झालं. कागदावर कान शाबूत निघेल. तिचा अंगठा बटणावर आलाही.

काचेपलीकडे डावा हात पुन्हा हलला. संयुक्ताने नजर वर केली आणि ती वाट बघत राहिली.

श्रीरंजनीने अंगठा बाजूला घेतला, डोळे मिटले आणि ती ताठ बसून राहिली.